कथाचित्रे, मराठी

कथा, कविता, कादंबरी अथवा अन्य मजकुराच्या सोबतीने छापण्यासाठी काढलेली चित्रे. मासिकातील कथेचे शीर्षकचित्र, मजकुरात पेरलेली प्रसंगचित्रे, ग्रंथाचे वेष्टन आणि दिवाळी अंकांतील रंगीत चित्रमालिका यांचा त्यांत समावेश होतो. इतर चित्रकलेत फलकावर रंगविलेले चित्र ही कलाकृती व छापील चित्र ही तिची प्रतिकृती असा क्रम असतो. कथाचित्राच्या बाबतीत मात्र छापलेले पान हीच कलाकृती होय; हाताने काढलेले मूळ चित्र ही केवळ त्याची पूर्वतयारी असते. मूल्यमापन करताना हा भेद न पाळला गेल्याने मराठीतील काही श्रेष्ठ रेखनकारांची ‘व्यावसायिक’ या एका शब्दात बोळवण झाली. चांगला कथाचित्रकार कोणता, या प्रश्नाचे उत्तर चित्रदालनात शोधून सापडत नाही; ते छापील पानावरच शोधावे लागते.

पानाचे स्वरूप प्रथमतः छपाईने ठरविले. शिळाछापाच्या काळानंतर जस्ताच्या पत्र्यावर कोरलेला रेषेचा ठसा आणि बारीक ठिपक्यांच्या जाळीतून छायाप्रकाश दाखविणारा हाफटोन ठसा ही दोन साधने मुद्रकांच्या हाती आली. हाफटोनला गुळगुळीत कागद लागे. त्यामुळे अशी चित्रे बहुधा स्वतंत्र पानावर छापून अंकात घालावी लागत. रेषेचा ठसा मात्र खिळ्यांच्या जोडीने साध्या कागदावरही उमटे. त्याला करडा रंग ठाऊक नसतो. काळे किंवा पांढरे एवढेच तो जाणतो. छायेचा आभास निर्माण करावयाचा, तर समांतर रेघा, ठिपके किंवा कोरड्या कुंचल्याचे खरखरीत फटकारे एवढेच उपाय उरत. विसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी नियतकालिकांत रेषेला जे असाधारण बळ आले, त्यामागे कलाविषयक सिद्धांतापेक्षा जस्ताच्या या पत्र्याचा आणि स्वस्त कागदाचा वाटा अधिक आहे.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची जडणघडण या बळाच्या आधीची. कोल्हापुरात जन्मलेले व मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकून तेथेच अध्यापक झालेले धुरंधर हे यथार्थदर्शी परंपरेतील निष्णात रेखनकार होते. एस्. एम्. एडवर्ड्‌झ यांचे मुंबईवरील पुस्तक (१९१२), सी. ए. किंकेड यांचे डेक्कन नर्सरी टेल्स (१९१४) आणि ऑटो रॉथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांविषयीचे पुस्तक (१९२०) यांसाठी त्यांनी चित्रे काढली. किंकेड यांच्या पुस्तकातील कथा म्हणजे आपल्याकडील व्रतांच्या कहाण्याच होत. आटपाट नगराच्या कहाण्यांना इतक्या तोलामोलाचा चित्रकार लाभला, तो लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात, ही गोष्ट मराठी प्रकाशनव्यवसायाची तत्कालीन अवस्था पुरेशी स्पष्ट करते. धुरंधरांचे सामर्थ्य निरीक्षणात आहे. पागोट्याचा पीळ, लुगड्याचा काष्टा, डोईवरचा भार सांभाळताना मानेला आलेला ताठपणा यांवरून व्यक्तीची जात, प्रदेश व व्यवसाय ओळखता यावा, इतके ते नेमके असते. मुंबईच्या रस्त्यावरील गर्दीत त्यांचे एकही माणूस केवळ जागा भरण्यासाठी उभे केलेले दिसत नाही. मात्र प्रसंगचित्रांत त्यांची पात्रे पुष्कळदा रंगमंचावर उभी असल्यासारखी वाटतात. कथेतील क्षण पुढे सरकण्याऐवजी तेथेच थांबतो.

मासिक मनोरंजनने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि १९२० मध्ये निघालेल्या किर्लोस्कर मासिकाने चित्रमयतेला नियमित स्थान दिले. त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार व व्यंगचित्रकार होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. चित्रासाठी किती जागा सोडावी हे जाणणारा संपादक मिळणे ही दुर्मिळ घटना असते.

या पार्श्वभूमीवर दीनानाथ दलाल (१९१६–७१) यांचे कार्य पाहावे लागते. गोव्यातील मडगाव येथे जन्मलेल्या दलालांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय उभारला आणि १९४५ मध्ये दीपावली हे स्वतःचे नियतकालिक सुरू केले. त्यांनी केलेल्या वेष्टनांची व कथाचित्रांची संख्या फार मोठी आहे. परंतु संख्येपेक्षा त्यांतील रेषेची जात लक्षणीय आहे. कुंचल्याने एका दमात ओढलेली ही रेषा खांद्याशी भरदार, कमरेशी निमुळती होते आणि पदराच्या टोकाशी विरून जाते. तिच्या या जाड-बारीकपणातूनच घनता सूचित होत असल्याने छायेची गरज फारशी उरत नाही. जस्ताच्या ठशाची मर्यादा दलालांनी अशा प्रकारे गुणात परिवर्तित केली. अर्धे पान कोरे ठेवून एका कोपऱ्यात पाठमोरी आकृती बसविण्याचे धैर्यही त्यांच्या ठायी होते. त्या कोऱ्या जागेत कथेचा मजकूर येऊन बसतो आणि खिळ्यांच्या ओळी चित्राचाच भाग बनतात. अजिंठ्याची भित्तिचित्रे, लघुचित्रे आणि पाश्चात्त्य आधुनिक चित्रकला यांपासून त्यांनी बरेच काही घेतले. तथापि घेतलेले उघडे पडू न देण्याचे भान त्यांना होते. रंगीत चित्रमालिकांत सपाट रंगांच्या शेजारणीतून ते ऋतू आणि मनःस्थिती उभ्या करतात.

दलालांच्या कलेतील उणीवही याच गुणाच्या पोटात आहे. त्यांची स्त्री नेहमीच सुंदर असते. कथेतील नायिका चाळीतील कष्टकरी बाई असो की पौराणिक राजकन्या असो, डोळ्यांची लांबण आणि मानेचा डौल सारखाच राहतो. लेखकाने शब्दांत आणलेली दैन्यावस्था चित्रात उतरताना शालीन होऊन जाते. नवकथेच्या काळात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले प्रभृतींनी मध्यमवर्गीय जीवनाचा जो रूक्ष तपशील कथेत आणला, त्याला हा डौल पुरा पडत नव्हता.

रघुवीर मुळगांवकर (१९१८–७६) हेही मूळचे गोव्याचे. फवाऱ्याने रंग देऊन साधलेला गुळगुळीत, तेजाळ पृष्ठभाग हे त्यांचे वैशिष्ट्य. देवदेवतांची दिनदर्शिकांवरील चित्रे, रत्नप्रभाचे अंक आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची वेष्टने यांमुळे त्यांची लोकप्रियता अफाट होती. त्यांच्या चित्रांत सारेच सारखे चकाकते, देवाचा मुकुट आणि गुन्हेगाराचे पिस्तूलही. म्हणून एकापाठोपाठ एक पाहताना ती थकवतात. परंतु रहस्यकथेच्या वेष्टनावर संपूर्ण कथानकाचे आमिष एका दृष्टिक्षेपात मांडण्याचे त्यांचे कसब नाकारता येणार नाही.

या लोकप्रियतेचा अर्थ महानगराबाहेर गेल्यावर अधिक स्पष्ट होतो. हिंगोली जिल्ह्यातील सेनगावचा परिसर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. उर्दू ही तेथे राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा होती. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. चित्रदालने व कलाशाळा दूरच्या शहरांत. जवळपास थोर कलेचा वारसा आहे तो दगडात, औंढा नागनाथच्या मंदिरशिल्पांत. मराठी पुस्तके व अंक मात्र मुंबई-पुण्याहून येत, आणि त्यांसोबत चित्रही येई. अशा तालुक्यांत दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, भिंतीवरची दिनदर्शिका आणि शालेय पुस्तकातील चित्रे हेच चित्रकलेचे दालन होते. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांचे समकालीन व्यक्तिचित्र उपलब्ध नाही. आज भाविकांच्या मनात त्यांचा जो चेहरा आहे, तो मुद्रित चित्रांनी घडविलेला आहे. ज्या चित्रकाराचे नावही पाहणाऱ्याला ठाऊक नसते, त्याने एका समाजाची दृश्य स्मृती घडवावी, हे या कलेचे खास लक्षण म्हणता येईल. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या चांदोबातील विक्रम-वेताळाचे चित्र काढणारे शंकर (के. सी. शिवशंकरन, १९२४–२०२०) हे तमिळभाषक होते, मराठी मुलांना त्याचा पत्ताही नव्हता आणि त्याने काही अडलेही नाही.

द. ग. गोडसे (१९१४–९२) यांची वाट निराळी. नेपथ्यकार, कलामीमांसक व इतिहासाचे अभ्यासक असलेल्या गोडसे यांनी वेष्टनाकडे प्रसंगचित्र म्हणून न पाहता ग्रंथाच्या आशयाची दृश्य खूण म्हणून पाहिले. ऐतिहासिक विषयांत त्यांचा तपशील अभ्यासलेला असे, पण तो मिरविलेला नसे.

कथाचित्राला सौंदर्याच्या सक्तीतून खऱ्या अर्थाने मुक्त केले ते वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी. कोल्हापूरचे सरवटे शिक्षणाने व व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. पु. ल. देशपांडे, विंदा करंदीकर यांच्या पुस्तकांना त्यांची चित्रे लाभली. ललित मासिकातील जयवंत दळवी यांच्या ‘ठणठणपाळ’ या सदराला त्यांनी चेहरा दिला आणि त्याच मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे दीर्घकाळ केली. सरवट्यांची रेषा प्रथमदर्शनी सामान्य, किंबहुना थोडी अवघडलेली वाटते. तिच्यात दलालांचा डौल नाही. परंतु ती पात्राविषयी कधीही खोटे बोलत नाही. ढगळ विजार, पोट आवळणारा पट्टा, खुर्चीच्या कडेवर टेकलेला संकोची माणूस यांतून ती वर्ग, वय आणि स्वभाव सांगून जाते. वास्तूची रचना त्यांना नेमकी कळत असल्यामुळे जिना, कठडा, खिडकी या गोष्टी केवळ पार्श्वभूमी न राहता विनोदाचे कारण बनतात. महत्त्वाचे असे की, लेखकाने लिहिलेलेच पुन्हा काढून दाखविण्याचे ते टाळतात. मजकुरात नसलेला, पण मजकुराला साजेसा एखादा क्षण ते निवडतात. वाचक विनोद दोनदा ऐकत नाही. त्याला दुसरा, चित्रातला विनोद मिळतो. शब्दांना समांतर चालणाऱ्या या चित्रणाची त्यांनी व्यंगकला-चित्रकला या ग्रंथात तात्त्विक बाजूही तपासली. मराठीत इतक्या विचारपूर्वक आपल्या माध्यमाची चिकित्सा करणारे रेखनकार थोडेच.

सुबक मुद्रण स्वस्त झाल्यावर, म्हणजे ऑफसेट यंत्रांचा प्रसार झाल्यावर, कोणतीही छटा छापणे शक्य झाले. त्याचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. वेष्टनांवर छायाचित्रे आली, पुढे संगणकावरील जुळणी आली आणि कथेसोबत चित्र देण्याची प्रथा क्षीण झाली. जुन्या कथाचित्रांचे जतन हा प्रश्नही बिकट आहे. मूळ चित्र ठसेकाराकडे व तेथून मुद्रणालयात जाई. पुष्कळदा ते परत येत नसे. जस्ताचे ठसे मोडीत निघाले आणि अंकांचा कागद पिवळा पडून तुटू लागला. धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१८ मध्ये भरले, ते त्यांची चित्रे संग्राहकांकडे व संस्थांत टिकून राहिल्यामुळे. ज्यांचे काम केवळ अंकांतच आहे, त्यांच्यासाठी ग्रामीण व तालुका ग्रंथालयांतील बांधीव संच हाच मुख्य आधार आहे. आणि बांधणी करताना जागा वाचविण्यासाठी बऱ्याच ठिकाणी प्रथम काढून टाकली गेली, ती मुखपृष्ठेच.