हजेरीपटातली नावे

कथाकवितांची समीक्षा पुष्कळ झाली. मला आज हजेरीपटाची करावयाची आहे.

ब्राह्मणाचे नाव मंगल आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, असा मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला दंडक आहे. आमच्या वाडवडिलांची कचरू, भिकू, केरबा ही नावे त्याला साजेशीच होती. (पोर जगावे म्हणून दगडू, धोंडू ठेवण्याची रीत इतर जातींतही होती, हे खरे. पण त्यांचा दगडू दगडूशेठ होई. आमचा दगड्याच राही.) दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (1978) दगडू मारुती पवारालाच बोलते केले, ते उगीच नव्हे.

14 ऑक्टोबर 1956 नंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद आले. धर्मांतराचा अर्थ निरक्षर आईलाही पाळण्यापाशी कळला.

आज माझ्या वर्गात आरव, विहान, अथर्व आहेत. जे वेद ऐकण्याचीही आम्हाला बंदी होती, त्यांतल्याच एकाचे नाव! एका तरुण बापाला मी रागानेच विचारले, ‘मिलिंद का नाही ठेवलेत?’

‘सर, माझंच नाव मिलिंद आहे. भाड्यानं खोली मागताना काय होतं, ते मला ठाऊक आहे.’

मी गप्प झालो. त्याला स्वाभिमानशून्य म्हणणे सोपे. घरमालकाला जाब कोण विचारणार? तरी माझे भांडण उरतेच. आरव म्हटल्यावरही ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न चुकत नाही.

त्याच्या धाकट्याचे नामकरण व्हायचे आहे. मी कबीर सुचवले. बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी एक, शिवाय सध्या सगळीकडेच चलनात असलेले. हीदेखील लपवाछपवीच काय, हे वाचकांनी मला कळवावे.