नेमलेले कोण? कचारगडच्या गुहेपाशी 'प्रेषितांची कृत्ये'

नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक छोटं वाक्य आहे. त्याच्यावरून ख्रिस्ती पंडित शतकानुशतकं भांडत आलेत. प्रसंग असा: पौल आणि बर्णबा पिसिदियातल्या अंत्युखिया गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, पोचतात. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात पौल प्रवचन करतो. पुढच्या शब्बाथाला जवळजवळ सगळं गाव ऐकायला लोटतं. ती गर्दी बघून तिथल्या यहुदी मंडळींना मत्सर वाटतो, ते वाद घालतात. मग पौल जाहीर करतो की आता आम्ही परराष्ट्रीयांकडे वळतो. परराष्ट्रीयांना आनंद होतो. आणि लूक लिहितो की त्यांच्यातल्या ज्यांची सार्वकालिक जीवनासाठी नेमणूक झालेली होती, त्यांनी विश्वास ठेवला.

म्हणजे नेमणूक आधी, विश्वास नंतर. मग विश्वास ठेवणाऱ्याने नक्की काय केलं?

वाद घालणारे बहुधा इथेच थांबतात. मला जास्त खटकतं ते दोनच ओळी आधीचं. ज्यांनी नकार दिला त्यांना पौल म्हणतो, तुम्ही स्वतःच स्वतःला अपात्र ठरवलंत. नकार माणसाच्या नावावर लिहिला आणि होकार देवाच्या. एकाच गावातल्या, एकच प्रवचन ऐकलेल्या माणसांसाठी लूकने दोन वेगळ्या वह्या उघडल्यात. त्याला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तो चांगला लेखक आहे. ज्यांच्या पूर्वजांना देवाने निवडलं तेच पाठ फिरवतात आणि ज्यांना त्यातलं काही ठाऊक नाही ते धावत येतात, या कोड्याचं उत्तर त्याला हवं होतं. 'नेमलेले' हा शब्द निकाल लागल्यानंतर, मागे वळून पाहताना लिहिलेला शब्द आहे. प्रवचनाच्या वेळी सभास्थानात बसलेल्या कुणाच्याही कपाळावर तो लिहिलेला नव्हता.

मूळ ग्रीक क्रियापद 'तासो'. सैनिकांना रांगेत लावणे, कामावर नेमणे, असा त्याचा वापर. लूकने ते कर्मणी रूपात ठेवलंय आणि कुणी नेमलं ते सांगितलेलं नाही. कॅल्व्हिनच्या परंपरेने तिथे देव वाचला: जगाच्या आधीच झालेली निवड. दुसऱ्या बाजूने वाचणारे म्हणतात, इथे 'मनाने तयार असलेले' एवढाच अर्थ घ्या. व्याकरण दोघांनाही थोडी थोडी जागा देतं. मला विचाराल तर पहिला अर्थ सरळ आहे, दुसरा ओढून आणलेला. पण सरळ अर्थ घेतला की त्या दोन वह्यांचा प्रश्न आणखी टोचतो.

आता कचारगड. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळच्या डोंगरात ही मोठी नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज इथे येतो, 'जय सेवा' म्हणत डोंगर चढतो. कथा बहुतेकांना रिल्समधून तरी माहीत असेल. कली कंकालीची ३३ मुलं शंभूने गुहेत कोंडली, तोंडावर प्रचंड शिळा ठेवली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवायचं ठरवलं. हिरासुका पाटालीरच्या संगीताने मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा सरकली, आणि तिच्याखाली हिरासुका स्वतः चिरडला गेला. मग लिंगोने त्या मुलांना शिकवलं, त्यांची सगा-गोत्रं बांधून दिली.

या कथेत मुलांना कुणी विचारत नाही की तुमचा लिंगोवर विश्वास आहे का. सुटका आधी होते, शिकवण आणि बंधनं नंतर येतात. गंमत अशी की अंत्युखियातलं पौलाचं प्रवचन सुरू होतं ते याच चालीवर. देवाने आपल्या पूर्वजांना निवडलं, मिसरातून बाहेर काढलं, देश दिला. तिथेही गुलामांना कुणी आधी परीक्षेला बसवलं नव्हतं. प्रवचनाच्या शेवटाकडे मात्र चाल बदलते. आत येण्याचं दार आता जन्म नाही, ऐकून ठेवलेला विश्वास आहे. परराष्ट्रीयांसाठी ही खरोखर आनंदाची बातमी होती, ते उगीच हरखले नाहीत. पण दार सगळ्यांसाठी उघडलं की बाहेर राहिलेल्याचं काय हा प्रश्न नव्याने उभा राहतो. कचारगडच्या कथेत तो उभाच राहत नाही, कारण गुहेत कुणी उरत नाही. तिची मर्यादाही तीच: ती ३३ मुलं कुणाची ते आधीपासून ठरलेलं आहे.

आणि 'परराष्ट्रीय' हा मराठी बायबलमधला शब्द या डोंगरावर उच्चारून बघा. ज्यांच्या गोत्रांचा उगम इथे सांगितला जातो, ते प्रवचनकाराच्या लेखी परराष्ट्रीय!

असा प्रवचनकार इथून फार लांब नव्हता. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा, म्हणजे पक्क्या कॅल्व्हिनी परंपरेतला. देव निवडतो, माणूस निवडला जातो, या शिकवणीत वाढलेला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. या माणसाने एका परधानाकडून लिंगोचं गीत ऐकून उतरवून घेतलं. १८६३ मध्ये तो बुडून मेला. त्याचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने छापले, त्यात हे गीत गोंडी शब्दांसह आहे. त्या पाठात महादेव गोंडांना कोंडतो, कारण त्याला त्यांचा वास सहन होत नाही. आणि पार्वती त्यांच्यासाठी तप करते, कारण डोंगरावर तिला तो वास येईनासा होतो. निवडीची याहून मानवी गोष्ट मी वाचलेली नाही. हे गोंड विश्वासामुळे हवेसे झाले नाहीत, गुणांमुळेही नाहीत. त्यांच्यावाचून तिला करमत नाही. सिद्धांत म्हणून पाहिलं तर हे हिस्लॉपच्या चर्चला फार परकं नव्हतं. कृपा लायकी बघत नाही, हे तेही म्हणत. हिस्लॉपला ते साम्य दिसलं की नाही, कोण जाणे. त्याने लिहून घेतलं, एवढं खरं.

या तपशिलाचं मला एवढं अप्रूप का, ते 'कृत्यां'च्या चौदाव्या अध्यायाकडे पाहिलं की कळेल. लुस्त्र गावात पौल एका पांगळ्याला बरं करतो. लोक बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मेस ठरवतात, पुजारी बैल आणि हार घेऊन येतो. हे सगळं ते लुकवनी बोलीत बोलत असतात. पाहुण्यांना ती बोली कळली नसावी, कारण हार दारात येईपर्यंत ते गप्प आहेत. मग पौल घाईघाईने बोलतो ते पावसाबद्दल आणि पिकांबद्दल. निवडलेल्या पूर्वजांचं अवाक्षर नाही. 'नेमलेले' हा शब्दही इथे नाही. त्या बोलीत त्या लोकांच्या देवांच्या कथा काय होत्या, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

दरेकसा स्टेशनवरून जाणाऱ्या याच रेल्वेमार्गाचा आणखी एक धागा मराठी साहित्यात आहे. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते, आणि नागपूरकडून राजनांदगावला गाडी याच डोंगरांमधून जाते. त्या प्रवासात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड हा मिशनरी भेटला. त्याने नवा करार हातात दिला आणि सांगून टाकलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. वॉर्ड फ्री मेथॉडिस्ट, म्हणजे माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर भर देणाऱ्या पंथाचा. नेमणुकीची भाषा हिस्लॉपच्या तोंडी शोभली असती. भविष्य सांगितलं ते याने. पण टिळकांनी आपली गोष्ट त्या भविष्यावर सोडली नाही. पुस्तक वाचायचं हे त्यांनी ठरवलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, आणि पुढे आयुष्यभर सांगत राहिले की मी तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल म्हटला की चालणाऱ्याचे पायही आलेच.

वॉर्डच्या हिशेबात एक माणूस मात्र धरलेलाच नव्हता. लक्ष्मीबाईंना कुणी दोन वर्षांची मुदत दिली नव्हती. १९३४पासून भागाभागाने आलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली बाई दिसते. ती रडते, भांडते, वेगळी राहते, आणि हे सगळं अशा विनोदाने सांगते की वाचताना आपलीच पंचाईत होते. अंत्युखियाच्या हिशेबाने १८९५ साली ती नकाराच्या वहीत होती. सोवळंओवळं आणि जात तिने आधी स्वतःच्या डोक्याने टाकली, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली घेतला. मधल्या पाच वर्षांत तिचं नाव कुठल्या वहीत लिहायचं, हे मला लूकला विचारायचंय.