निकेल-कॅडमिअमपाशी थांबलेला धडा

बालभारतीच्या २०१८ सालच्या इयत्ता आठवीच्या विज्ञान पुस्तकात विद्युतघटांचे तीन प्रकार समजावले आहेत: कोरडा घट, लेड-आम्ल घट आणि निकेल-कॅडमिअम घट. मांडणी नेटकी आहे. आमची तक्रार एवढीच की, धडा जिथे थांबतो तिथून उपकरणे बरीच पुढे गेली आहेत. सेनगाव किंवा वसमतच्या एखाद्या शाळेने आज हौसेचा ड्रोन आणला, तर त्यात बहुधा लिथियम-पॉलिमर घट असेल.

हा फरक केवळ नावाचा नाही. निकेल-कॅडमिअम घट अधूनमधून पूर्ण उतरवावा, असे पूर्वी सांगत. ‘बॅटरी संपवा, मगच चार्ज करा’ ही सवय तिथूनच टिकून आहे. लिथियम घटाला मात्र ती मारक ठरते. या घटाचे विभवांतर पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट असते. ते ३ व्होल्टच्या खूप खाली गेले, तर ऋणाग्राचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढच्या चार्जिंगमध्ये तेच तांबे भलत्या जागी साचते आणि घटाच्या आतच शॉर्टसर्किट होऊ शकते. घट फुगतो, क्वचित पेटतोही.

शिकाऊ चालकाला हा धोका अधिक, कारण त्याचे सारे लक्ष ड्रोन सावरण्यात असते. शिवाय विभवांतर बराच काळ हळूहळू उतरते आणि शेवटी एकदम कोसळते. इथे ओहमचा नियम कामी येतो. समजा, एका घटाचा अंतर्गत रोध ०.०१५ ओहम आहे आणि वर चढताना २० अँपिअर धारा लागते. म्हणजे ०.३ व्होल्टची घट आतच होते. जमिनीवर ३.८ व्होल्ट दाखवणारा घट हवेत ३.५ दाखवतो. काही ड्रोन वेळीच इशारा देतात, काही देत नाहीत.

‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार २ किलोपर्यंतचा ड्रोन बिगर-व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याला चालक-प्रमाणपत्र लागत नाही. ही सवलत योग्यच आहे. पण मग बॅटरीचे शिक्षण देणार कोण? ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटातील महिलेसाठी १५ दिवसांचे प्रशिक्षण ठरवले आहे. शाळकरी मुलापुढे असतो तो फक्त खोक्यातला इंग्रजी कागद. तेव्हा हे काम विज्ञानशिक्षकाकडेच येते.

त्यासाठी पुस्तक बदलण्याची वाट पाहायला नको. दोन-दोन मिनिटे उड्डाण करावे, ड्रोन उतरवून मिनिटभर थांबावे, मल्टिमीटरने विभवांतर मोजावे आणि आलेख काढावा. मोजताना तारांची टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. विश्रांतीनंतर दर घटामागे ३.७ व्होल्ट भरले की उड्डाण बंद. जितकी मिनिटे झाली, तितक्याचा गजर पुढच्या वेळी लावावा. ड्रोन सुट्टीत कपाटात ठेवायचा असेल, तर बॅटरी ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून बाहेर काढावी. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखालची खोली टाळावी. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

सोयाबीन-हळदीच्या या जिल्ह्यात आजचा हौशी चालक उद्या फवारणीचा मोठा ड्रोन हाताळू शकतो. त्याची बॅटरी महागही असते आणि धोकाही मोठा. वर्गात काढलेला तो आलेख त्याला तेव्हा उपयोगी पडेल.