‘पाटील’ आणि शेजारची आडनावे : कोपरीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : आडनाव हा कुळाचा व जातीचा निर्णायक पुरावा होय, असे गृहीतक स्थानिक इतिहासलेखनात वारंवार आढळते. ठाणे पूर्वेकडील कोपरीच्या आधारे त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

विवेचन : कोपरी हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. या समाजांत रूढ असलेली ‘पाटील’ व ‘म्हात्रे’ ही आडनावे अनुक्रमे ‘पट्टकील’ व ‘महत्तर’ या शब्दांपासून व्युत्पन्न मानली जातात. दोन्ही शब्द मुळात अधिकारपदाचे वाचक होत. इंग्रजीतील ‘रीव्ह’ हे आडनावही असेच स्थानिक कारभाऱ्याच्या पदनामातून आले. महाराष्ट्रात १९६२ च्या अधिनियमाने महसुली पाटीलकी संपुष्टात आली. आडनाव मात्र उरले. मराठा, कुणबी, आगरी, लिंगायत, जैन अशा अनेक समाजांत ते आहे. त्यामुळे पाटलांची शिरगणती केली तरी कोणत्याही एका कुळाचा विस्तार सिद्ध होत नाही.

१९४७ च्या फाळणीनंतर कोपरीत सिंधी कुटुंबे वसली. त्यांची ‘आणी’प्रत्ययान्त आडनावे बहुधा एखाद्या पूर्वजाच्या नावावरून पडलेली आहेत. ‘कर’प्रत्ययान्त मराठी आडनावे बहुतांशी गावाचा निर्देश करतात.

निष्कर्ष : पद, पूर्वज आणि गाव हे आडनावांचे तीन भिन्न आधार होत. त्या सर्वांना जात हा एकच अर्थ चिकटविणे अशास्त्रीय आहे. हजेरीपटावरील आडनाव वाचून विद्यार्थ्याची जात ताडणारा अध्यापक हीच चूक करतो. फरक इतकाच की, तिची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.