दगडावरचा दावा आणि पटांगणातला कापूस

मंडळी, ‘चर्चगेट’ हे नाव आपल्या तोंडात बसलेलं आहे. पण हे गेट कोणत्या चर्चचं, असं विचारलं की आपण थबकतो. ते सेंट थॉमस कॅथीड्रलचं. मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जाता येई, तो चर्चगेट. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या काळात सुरू झालेलं बांधकाम कित्येक वर्षं अर्धवट पडून होतं. पुढे धर्मगुरू रिचर्ड कॉब यांनी ते हाती घेतलं आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. नागपूरचा झिरो माईल आपल्याला ठाऊक आहेच. तसे मुंबईतले जुने मैलाचे दगड या चर्चपासून मोजले जात.

आत गेलेला माणूस काय पाहतो? उंच छत, रंगीत काचा, संगमरवरी स्मारकं. ‘काय कोरीव काम आहे!’ म्हणतो, फोटो काढतो नि बाहेर पडतो. आमची तक्रार या पाहण्याविषयी आहे. स्मारक नुसतं पाहायचं नसतं, ते वाचायचं असतं. आणि वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: दगडावर कोरलेला मजकूर हा पुरावा नसतो, दावा असतो.

उदाहरण घेऊ. १८११ मध्ये वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं तिथे स्मारक आहे. बनारस आणि काठेवाडात बालहत्या बंद केल्याचं श्रेय त्यावर त्यांना दिलेलं आहे. डंकन यांनी त्यासाठी खटपट केली, हे खरंच आहे. ते नाकारायचं कारण नाही. पण प्रथा ‘बंद झाली’ का? तसं असतं तर १८७० मध्ये सरकारला मुलींच्या हत्येविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला नसता. आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा तर १९९४ चा, आपल्या स्वतःच्या संसदेचा. म्हणजे दगडानं जो विषय संपवून टाकला, तो आपल्या घरापर्यंत चालत आला आहे. हा दोष एकट्या इंग्रजांच्या शिल्पाचा म्हणायचा का? मुळीच नाही. काम संपलं, असं जाहीर करण्याची घाई प्रत्येक सत्तेला असते.

आता बाहेर या. आज जिथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे, तिथे पूर्वी मोकळं पटांगण होतं. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलेपर्यंत चर्चसमोरच्या या पटांगणात कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागत. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी या पारशी व्यापारी पेढीनं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईकडे न्यायला सुरुवात केली होती. म्हणजे आपल्या पऱ्हाटीचं आणि त्या शहराचं नातं रेल्वेच्याही आधीचं. आत गव्हर्नरांची, लष्करी अधिकाऱ्यांची नावं आहेत. कापूस वेचणाऱ्या बाईच्या नावाचा दगड बसवायची मात्र रीतच नव्हती. तिथे नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे तरी कुठे आहे?

काही जण म्हणतात, ही परक्यांची स्मारकं ठेवायचीच कशाला? आम्हाला हे पटत नाही. एक तर ही वास्तू आता परक्यांची नाही. १९७० मध्ये आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, अँग्लिकन मंडळी त्यात सामील झाली आणि हे कॅथीड्रलही त्यातलंच. दुसरं असं, की दावा पुसला तर तो तपासणार कसा? बाहेरच्या एल्फिन्स्टन सर्कलला स्वातंत्र्यानंतर पत्रकार हॉर्निमन यांचं नाव दिलं, ते योग्यच झालं. आतले दगड मात्र राहू द्यावेत.

पुढच्या वेळी तिथे गेलात तर दोन्ही पाहा. आतला मजकूर वाचा, तारखा ताडून बघा आणि मग बागेच्या कठड्यापाशी थोडं थांबा. तिथे पाटी नाही. तिथला मजकूर आपणच म्हणायचा आहे.