निर्गमन, वाचा आणि अवलंबन : कात्रजभोवतालची गावे व ब्रिटन यांचा तौलनिक विचार

एखाद्या मोठ्या समूहातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतल्यानंतर बाहेर पडणाऱ्यांच्या पदरी निराशा का येते, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या अभ्यासकांपुढे अलीकडे ब्रिटनच्या निमित्ताने उभा राहिला आहे. २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले, आणि संक्रमणकाळ संपून १ जानेवारी २०२१ पासून नवी व्यापारव्यवस्था अमलात आली. त्यानंतरच्या काळात घेतलेल्या जनमताच्या चाचण्यांत तो निर्णय चुकला असे मानणाऱ्यांची संख्या सातत्याने अधिक आढळली आहे. या निराशेची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. मतदार फसविले गेले, हे पहिले. मतदारांचा कौल योग्य होता, परंतु राज्यकर्त्यांनी त्याची माती केली, हे दुसरे. दोहोंतही तथ्यांश आहे. तथापि दोन्ही स्पष्टीकरणे एकच गोष्ट गृहीत धरतात, ती ही की, आत असणे आणि बाहेर असणे हाच मूळ प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच चिकित्सा करावयाची आहे, आणि त्यासाठी लंडनपेक्षा जवळचे, पुणे शहराच्या दक्षिण सीमेवरील कात्रजच्या परिसरातील उदाहरण घ्यावयाचे आहे.

या विषयावरील विवेचनाचा पाया आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घातला गेला. संस्थेचा कारभार खालावू लागला म्हणजे तिच्या सभासदांपुढे दोन मार्ग असतात. तिला सोडून जाणे हा एक. तिच्यात राहून तक्रारीला वाचा फोडणे हा दुसरा. या दोहोंना आपण निर्गमन व वाचा म्हणू. निष्ठा ही तिसरी गोष्ट निर्गमनाला विलंब लावते आणि वाचेला अवसर देते. नायजेरियातील रेल्वेची अवस्था पाहताना हर्शमन यांना असे आढळले की, मालमोटारींचा पर्याय उपलब्ध असल्यामुळे ज्यांच्या तक्रारीला वजन होते तेच ग्राहक निघून गेले, आणि रेल्वेचा कारभार सुधारण्यासाठी आवश्यक असलेला दाब नाहीसा झाला. ही मांडणी मार्मिक आहे. परंतु शेजारी असलेल्या राजकीय घटकांना ती जशीच्या तशी लागू पडते काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

पुणे महानगरपालिका १९५० साली अस्तित्वात आली. १९९७ साली तिच्या हद्दीत एकदम ३८ गावे घेण्यात आली. कात्रज हे त्यांपैकी एक. या समावेशाला अनेक गावांतून विरोध झाला. कर शहराचा आणि सोयी खेड्याच्या, हा त्या विरोधाचा आशय होता. परिणामी २००१ साली १५ गावे पूर्णतः आणि ५ गावे अंशतः हद्दीबाहेर काढण्यात आली. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे पुण्याचे पहिले निर्गमन होय. त्यानंतर जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. हद्दीबाहेर राहिलेल्या पट्ट्यात वस्ती थांबली नाही. उलट शहराच्या कडेला लागून इमारती उभ्या राहिल्या, आणि ग्रामपंचायतीच्या साधनांना न पेलणारे पाणी, मैला व रस्ते यांचे प्रश्न निर्माण झाले. काही वर्षांतच समावेशासाठी आग्रह सुरू झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे महानगरपालिकेत आली. २०१७ च्या यादीत लोहगाव, मुंढवा, हडपसर यांचे ‘उर्वरित’ भाग आहेत. एकदा अर्धे आत व अर्धे बाहेर ठेवलेल्या गावांचा तुटलेला भाग पुन्हा जोडून घ्यावा लागला, याची साक्ष त्या एका शब्दात आहे.

कात्रजच्या दृष्टीने पाहता २०१७ मध्ये आंबेगाव खुर्द व आंबेगाव बुद्रुक, आणि २०२१ मध्ये भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी व कोळेवाडी ही गावे हद्दीत आली. ही गावे बाहेर होती तेव्हा कात्रजपासून अलग होती काय? पाण्याच्या वाटा पाहिल्या तर या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेले. त्या काळी कात्रज हे पुण्यापासून कित्येक कोस दूर असलेले गाव होते. तरी शहराची तहान त्याच्यावर अवलंबून होती. आज त्याच खोऱ्यात वरच्या अंगाच्या वाड्यांचे सांडपाणी तलावाकडे उतरते, आणि आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून निघून शहराच्या मध्यवस्तीतून मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याला आलेल्या पुरात अनेकांचे प्राण गेले आणि शेकडो संसार वाहून गेले. वरच्या अंगाच्या गावांतील डोंगरउतारांवर काय घडते याचा परिणाम खालच्या वस्तीला भोगावा लागतो. ओढ्याला हद्द ठाऊक नसते, आणि ज्यांना ती ठाऊक असते त्यांनाही पुराच्या रात्री तिचा उपयोग होत नाही.

आता उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांचे उदाहरण घेऊ. शहराचा कचरा ही गावे महानगरपालिकेत येण्याच्या पुष्कळ आधीपासून, म्हणजे ती हद्दीबाहेर असतानाच, त्यांच्या शिवारात टाकला जात होता. भूजल दूषित झाले, दुर्गंधी पसरली, आंदोलने झाली. २०१७ साली ही गावे हद्दीत आली. मालमत्ता कराचा बोजा वाढला, परंतु पाण्यासाठी टँकरची वाट पाहणे संपले नाही. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये ती वगळण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला; सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद स्थापन झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. या निर्गमनाला कृतघ्नता म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि हेही नमूद केले पाहिजे की, गावे बाहेर पडल्याने कचऱ्याचे ढीग हलले नाहीत. बाहेर असताना कचरा आला, आत असताना राहिला, आणि पुन्हा बाहेर पडल्यावरही तो तेथेच आहे. बदलले ते एवढेच की, त्याविषयी कोणाच्या दारात जावयाचे.

येथे हर्शमन यांच्या मांडणीची मर्यादा स्पष्ट होते. ग्राहक रेल्वे सोडून मालमोटारीकडे गेला म्हणजे रेल्वेशी त्याचा संबंध संपतो. परंतु गाव शहराला सोडून कोठे जाणार? हर्शमन यांना ही अडचण दिसली नव्हती असे नाही. सार्वजनिक हिताहिताच्या बाबतीत पूर्ण निर्गमन शक्य नसते. सार्वजनिक शाळेतून मूल काढून घेणाऱ्या पालकालाही त्या शाळेच्या अधोगतीचे परिणाम समाजात राहून भोगावेच लागतात, हे त्यांनी दाखविले आहे. मात्र त्यांच्या विवेचनात ही स्थिती विशेष प्रकार म्हणून येते. शेजारी राजकीय घटकांच्या बाबतीत ती अपवाद नसून नियमच आहे, असे आमचे म्हणणे आहे. म्हणून निर्गमन, वाचा व निष्ठा यांच्या जोडीला अवलंबन ही चौथी संज्ञा स्वतंत्रपणे मांडली पाहिजे. निर्गमनाने सभासदत्व संपते. अवलंबन संपत नाही.

ब्रिटनच्या व्यापाराचा अनुभव या संज्ञेच्या प्रकाशात पाहावा. सार्वमताच्या प्रचारात सूत्रे पुन्हा आपल्या हाती घेण्याची घोषणा होती. दर आठवड्यास ३५ कोटी पौंड संघाला जातात, ते आरोग्यसेवेवर खर्चावेत, असेही सांगण्यात आले. ब्रिटनला मिळणारी सूट त्या आकड्यातून वजा केलेली नव्हती. प्रत्यक्षात संघ सोडल्यानंतरही संघच ब्रिटनचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार राहिला. जकात लागली नाही, परंतु आरोग्याचे दाखले, उगमस्थानाची प्रमाणपत्रे व सीमेवरील तपासणी यांचा भार मालावर पडला आणि लहान निर्यातदारांना तो विशेष जाचला. संघातून येणाऱ्या अन्नपदार्थांची तपासणी ब्रिटननेच वारंवार पुढे ढकलली, आणि जानेवारी २०२४ पासून ती टप्प्याटप्प्याने सुरू केली. आपल्याच बाजारातील भाव चढतील या भीतीने स्वतःच्या सीमेवरील अधिकार वापरण्यास सरकार कचरत होते. ब्रिटनच्या अधिकृत अर्थसंकल्पीय अंदाज संस्थेने संघ सोडल्यामुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील असे गृहीत धरले आहे. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत त्या देशाने सहा पंतप्रधान पाहिले. भारताशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापारी करारासारखे करार संघात राहून स्वतंत्रपणे करता आले नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु दूरच्या मित्राशी केलेला करार शेजाऱ्याच्या बाजारपेठेची जागा घेऊ शकत नाही.

संघ सोडू इच्छिणाऱ्यांची मूळ तक्रार मात्र पोकळ नव्हती, आणि कोकणच्या वाचकाला ती सहज पटावी. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातील आंबा व चार भाज्या यांच्या आयातीस बंदी केली, कारण काही मालात फळमाशी आढळली होती. ऐन हंगामात हापूस लंडनच्या बाजारातून नाहीसा झाला. आंबे विकणारे व खाणारे मुख्यतः ब्रिटनमध्ये होते, आणि निर्णय ब्रुसेल्समध्ये झाला. २०१५ च्या आरंभी बंदी उठविण्याचा निर्णय झाला. परंतु आपल्या ताटातील फळाचा निर्णय परक्या गावी होतो ही जाणीव मागे राहिली. येथे दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. त्या ब्रुसेल्समध्ये ब्रिटनचे मंत्री बसत होते, आणि युरोपीय संसदेत त्याचे ७३ सभासद होते. तक्रारीला वाचा होती. ती पुरेशी वाटत नव्हती. १९ मे २०२५ च्या वाटाघाटीत ब्रिटनने अन्न व वनस्पती यांविषयीचे संघाचे नियम, ते बदलतील तसतसे, पाळण्याचे तत्त्वतः मान्य केले. नियम तेच राहणार. ते ठरविताना ब्रिटनचे म्हणणे ऐकले जाईल, परंतु त्याला मत असणार नाही. निराशेचे मर्म येथे आहे. अवलंबन कायम राहिले आणि वाचा गेली.

हेच मर्म कात्रजभोवतालच्या गावांना उलट दिशेने लागू पडते. ३० जून २०२१ रोजी २३ गावांच्या ग्रामपंचायती संपुष्टात आल्या. महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे सुमारे साडेचार वर्षे या गावांना सरपंच नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. याच काळात, जानेवारी २०२५ मध्ये, सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी या समाविष्ट गावांच्या परिसरात गुलेन-बॅरी या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. हद्दीत येऊन साडेतीन वर्षे उलटली तरी शुद्धीकरण केंद्रातील पाणी त्या गावांना मिळू लागले नव्हते. ब्रिटन बाहेर राहून वाचाहीन झाले. ही गावे आत येऊन वाचाहीन झाली. सीमेच्या दोन विरुद्ध बाजूंना असलेल्यांची तक्रार एकच असेल, तर तक्रारीचे कारण सीमेत शोधणे व्यर्थ आहे.

या तुलनेवर काही आक्षेप घेता येतील. ब्रिटन सार्वभौम राष्ट्र आहे. गाव हे कायद्याने निर्माण केलेल्या व्यवस्थेतील घटक आहे. ब्रिटनने सार्वमत घेतले. पुण्यातील समावेश व वगळणूक शासनाच्या अधिसूचनेने झाली आणि गावकऱ्यांचा कौल कोणी रीतसर मागितला नाही. हे भेद खरे आहेत. परंतु त्यांनी आमचा मुद्दा बळावतो. ज्याला सार्वमताचा अधिकार होता त्यालाही अवलंबन मतपेटीतून दूर सारता आले नाही; मग ज्यांच्याविषयीचा निर्णय मंत्रालयात होतो त्यांना केवळ हद्द बदलल्याने ते कसे टळेल? दुसरा आक्षेप असा की, या विचारातून स्थितिवाद निष्पन्न होतो. तसे नाही. उरुळी-फुरसुंगीने बाहेर पडून निदान स्वतःचे सभागृह मिळविले, आणि वाचा बंद असताना निर्गमनाचा धाकच वाचेचे काम करतो हे दाखविले. त्यांची चूक काढावयाची नाही. त्या मार्गाने कोणत्या गोष्टी साध्य होत नाहीत एवढेच सांगावयाचे आहे.

तेव्हा समावेश वा वगळणूक यांच्या प्रत्येक प्रस्तावाला पुढील अभ्यासकांनी एकच कसोटी लावावी : ज्यांच्या निर्णयांचे परिणाम आपल्याला भोगावे लागतात, त्यांच्या सभेत आपल्याला मत आहे काय? पाणी, कचरा व ओढे यांच्यापुरते गाव व शहर यांचे संयुक्त मंडळ असावे, त्यात बाहेरच्यांनाही मताचा अधिकार असावा, आणि हद्दीत नव्याने येणाऱ्यांना निवडणुकीशिवाय एक वर्षही ठेवू नये, असे निष्कर्ष या कसोटीतून निघतात. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस पुण्यात येणारच. तो येण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या माणसांना एका सभेत बसता यावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.