‘पूर्वस्थिती’ म्हणजे कोणती?

लॅपटॉपच्या यंत्रभागाचा कारभार पाहणारा ड्रायव्हर कर्नलमधून काढून घेतला जातो, तेव्हा त्याने आपण केलेले बदल पूर्ववत करावेत, हा नियम सर्वमान्य आहे. मात्र ‘पूर्ववत’ या शब्दाचा अर्थ क्वचितच तपासला जातो. येताना वाचलेले मूल्य जपून ठेवावे व जाताना तेच परत लिहावे, असा त्याचा रूढ अर्थ आहे. हा अर्थ दिसतो तितका निर्दोष नाही.

एसरच्या ‘ॲस्पायर वन’ या छोट्या लॅपटॉपांसाठी लिनक्समध्ये असलेला ‘एसरएचडीएफ’ हा ड्रायव्हर पाहावा. पंख्याला तो दोनच आज्ञा देतो : ‘बंद’ आणि ‘स्वयंचलित’. समजा, तो दाखल झाला त्या वेळी यंत्र थंड असून पंखा बंद होता. जाताना त्याने तेच मूल्य लिहिले, तर तापलेल्या यंत्राचा पंखा बंद राहील आणि तो सुरू करणारा कोणीही मागे उरणार नाही. म्हणून हा ड्रायव्हर निघताना पंखा ‘स्वयंचलित’ करून बायोसच्या स्वाधीन करतो, हेच योग्य होय. येथे परत करावयाचे असते ते मूल्य नव्हे, अधिकार.

याउलट, बॅटरीचे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची मर्यादा ही वापरणाऱ्याची विचारपूर्वक केलेली निवड असते. यंत्रातील नियंत्रक ती ड्रायव्हरवाचूनही पाळत असेल, तर जाताना ती पुसून टाकणे हा ड्रायव्हरचा अनधिकार हस्तक्षेपच म्हणावा लागेल.

तेव्हा कसोटी अशी ठरते : जी योजना सतत देखरेखीवाचून सुरक्षित राहत नाही, ती मूळ नियंत्रकाकडे सोपवावी, जी राहते, तिला हात लावू नये.

यावर कोणी म्हणेल की, ‘थिंकपॅड’च्या ड्रायव्हरमध्ये १ ते १२० सेकंदांचा पहारा लावण्याची सोय आहे, त्या मुदतीत नवी आज्ञा न आल्यास पंखा पुन्हा सुरू केला जातो. परंतु हा पहारेकरी ड्रायव्हरच्याच घरी राहतो. घर मोडले की तोही जातो. म्हणून निघताना क्रमही सांभाळला पाहिजे. प्रथम बाहेरून येणाऱ्या आज्ञांचे दार बंद करावे, मग प्रलंबित कामे थांबवावीत आणि शेवटी पंखा सोपवावा. हा क्रम उलटल्यास एखादी उशिरा आलेली आज्ञा सारे सोपविणे व्यर्थ करील.